एसीचा ब्लोअर वारंवार बंद पडणे : जळालेला भाग बदलण्याआधी काय तपासावे

फेब्रुवारी सरत आला की सोलापुरातल्या मोटार-वायरिंगच्या दुकानांत एकाच प्रकारची तक्रार घेऊन गाड्या येऊ लागतात. कोणाचा ब्लोअर, म्हणजे एसीची हवा आत फेकणारा पंखा, पहिल्या तीन वेगांवर मुळीच फिरत नाही आणि शेवटच्या वेगावर मात्र पूर्ण जोराने फिरतो. कोणाचा फ्यूज उडतो, नवा घातला की काही दिवस टिकतो आणि ऐन उन्हात पुन्हा उडतो. कोणाच्या ब्लोअरचा कपलरच (तारा जोडणारा प्लास्टिकचा जोड) वितळून काळा पडलेला असतो. या गाड्या बहुधा दहा-पंधरा वर्षांहून जुन्या असतात, त्यांत वेग बदलण्यासाठी साधे फिरवायचे बटण असते आणि त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा तोच भाग आधी एकदा, कधी दोनदा बदलून झालेला असतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या या शहरात ब्लोअर ही चैनीची वस्तू राहत नाही. गाडीत वृद्ध माणूस किंवा लहान मूल असेल, तर तो चालणे निकडीचे असते.

या दुरुस्तीत एकच चूक सर्वत्र होताना दिसते, म्हणून मुख्य मुद्दा आधी सांगतो. जळालेला रेझिस्टर (करंट अडवून ब्लोअरचा वेग कमी करणारा भाग), उडालेला फ्यूज आणि वितळलेला कपलर हे तिन्ही भाग बहुतेक वेळा दुसरीकडच्या बिघाडाचा भार सोसत असतात. तो बिघाड कोठे आहे हे ब्लोअर किती अँपिअर करंट घेतो यावरून कळते आणि तो करंट मोजल्याशिवाय नवा भाग बसवला, तर त्याचीही गत पहिल्यासारखीच होते.

आधी मांडणी समजून घेऊ. डॅशबोर्डच्या आत, बहुतेक छोट्या गाड्यांत डाव्या बाजूच्या ग्लोव्ह बॉक्सच्या मागे, बारा व्होल्टची कार्बन ब्रशवाली मोटर असते आणि तिच्या शाफ्टवर प्लास्टिकचा, उभ्या पात्यांचा पिंजरा असतो. वेग कमी करायचा असेल तेव्हा करंट तारेच्या वेटोळ्यांच्या रेझिस्टरमधून जातो. शेवटच्या वेगाला रेझिस्टर पूर्णपणे वगळला जातो आणि मोटरीला थेट पुरवठा मिळतो. म्हणूनच फक्त शेवटचा वेग चालत असेल तर मोटर, फ्यूज आणि मुख्य वायर शाबूत आहेत आणि रेझिस्टर किंवा त्यावरचा उष्णतेने तुटणारा छोटा थर्मल फ्यूज गेला आहे, असे जवळजवळ निश्चित समजावे. याउलट, सुरुवातीचे वेग चालतात आणि शेवटचाच चालत नाही, असे असेल तर बटणाचा त्या जागेचा संपर्क किंवा त्या वेगासाठीचा रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) पाहावा. कोणताच वेग चालत नसेल तेव्हा फ्यूज, रिले, अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जाणारी जोडणी) आणि मोटर या क्रमाने तपासत जावे.

रेझिस्टर हवेच्या मार्गात बसवलेला असतो, कारण ब्लोअरच्याच हवेने त्याला थंड ठेवायचे असते. ही पद्धत जुनी आणि जगभरची आहे. १९९८ पर्यंत तयार झालेल्या, हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पोर्शे ९११ मोटारींच्या शेवटच्या पिढ्यांमध्ये एक्झॉस्टभोवतीच्या आवरणातली गरम हवा आत ढकलण्यासाठी इंजिनाच्या कप्प्यात विजेचा वेगळा साहाय्यक ब्लोअर असे आणि त्याचा कमी वेगही अशाच रेझिस्टरवर चालत असल्यामुळे त्या गाड्या जपणारे लोकही याच बिघाडाशी झगडत असतात. तात्पर्य, हवा कमी झाली की रेझिस्टर तापतो आणि करंट वाढला तरीही तापतो. दोन्ही एकदम घडले तर त्याचा टिकाव लागत नाही.

हे आकड्यांत मांडले की नीट कळते. समजा, पहिल्या वेगाला रेझिस्टर २ ओहमचा आहे आणि निरोगी मोटर ४ अँपिअर घेते. करंटच्या वर्गाला ओहमने गुणले की वेटोळ्यांत निर्माण होणारी उष्णता येते, म्हणजे येथे ३२ वॅट. आता बुश (मोटरीचा शाफ्ट ज्यांत फिरतो त्या धातूच्या कड्या) कोरडे पडून मोटर जड झाली आणि ती ५.५ अँपिअर घेऊ लागली, तर उष्णता ६० वॅटच्या आसपास जाते. करंट दीडपटीहून कमी वाढला, पण उष्णता जवळजवळ दुप्पट झाली. शिवाय मोटर मंदावल्यामुळे रेझिस्टरला थंड करणारी हवाही घटली. गाडीचा मालक मात्र पहिल्या वेगावर ब्लोअर सावकाश चालला आहे म्हणून निश्चिंत असतो. प्रत्यक्षात जड झालेल्या मोटरीचा रेझिस्टर कमी वेगावरच जळतो.

म्हणून पहिले काम करंट मोजण्याचे. यासाठी बॅटरीचा, एकाच दिशेने वाहणारा डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लागतो; घरगुती वायरिंगवाल्यांकडचा साधा क्लॅम्प मीटर फक्त घरातल्या विजेचा, दिशा बदलत वाहणारा एसी करंट दाखवतो आणि गाडीवर तो शून्यच दाखवेल. साध्या मल्टीमीटरची १० अँपिअरची जागा या कामाला पुरत नाही, तिथे मीटरचाच फ्यूज जातो. क्लॅम्प मीटर नसेल तर डायनॅमो-स्टार्टर दुरुस्तीच्या दुकानात असलेला ३० अँपिअरचा काट्याचा मीटर फ्यूजच्या जागी मालिकेत जोडून काम होते, मात्र त्याच्याबरोबर योग्य क्षमतेचा फ्यूज ठेवावा. इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून, सर्वात जास्त वेगावर ब्लोअर पाच मिनिटे चालू द्यावा आणि मग आकडा वाचावा. सतत वाहणारा करंट फ्यूजच्या क्षमतेच्या पाऊण भागापलीकडे जाऊ नये, म्हणजे २० अँपिअरचा फ्यूज असेल तर १५ च्या आत असावा. डॅशबोर्डखालचा फ्यूज-बॉक्स उन्हात तापलेला असताना फ्यूजची सहनशक्ती आणखी घटते, हेही लक्षात ठेवावे.

इंजिन चालू असताना बॅटरीचा व्होल्टेजही त्याच वेळी पाहून घ्यावा. तो सुमारे १३.८ ते १४.५ असायला हवा. १५ च्या वर जात असेल तर ब्लोअरला हात लावण्याआधी अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर दुरुस्त करावा. ज्या गाडीत हेडलाइटचे बल्बही वरचेवर जातात आणि बॅटरीतले पाणी लवकर आटते, तिथे हा संशय सर्वांत आधी घ्यावा.

करंट जास्त आला तर अर्थ सरळ आहे: मोटर जड फिरते आहे किंवा आत कोठेतरी शॉर्ट आहे. करंट कमी आला तर मात्र अनेकजण समाधान मानतात आणि नेमके तेथेच चुकतात. पिंजऱ्यासारख्या पंख्याचा स्वभाव आपल्या अंदाजाच्या उलट असतो. त्याच्या हवेची वाट अडवली तर त्याला ढकलायला हवाच उरत नाही, त्यामुळे मोटरीवरचा भार कमी होतो, ती अधिक वेगाने फिरते, आवाज चढतो आणि करंट उतरतो. म्हणजे कोंदलेली वाट फ्यूज उडवत नाही, पण रेझिस्टरला हवा मिळू देत नाही म्हणून तो जाळते. फ्यूज उडतो तेव्हा मोटर पाहावी. फ्यूज शाबूत राहून फक्त रेझिस्टर जात असेल आणि शेवटच्या वेगाचा करंट त्या मॉडेलच्या निरोगी गाडीपेक्षा कमी असेल, तर हवेची वाट पाहावी. या एका फरकाने निम्मे निदान होते.

सोलापुरात हवेची वाट कोंदण्याची कारणे इतर शहरांपेक्षा वेगळी आहेत आणि पुस्तकी मार्गदर्शनात ती सापडणार नाहीत. अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत आणि शहराच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या शेडजवळ रोज उभ्या राहणाऱ्या गाड्यांत सुताचे बारीक तंतू विंडशील्डखालच्या जाळीतून आत जातात. एसीची कूलिंग कॉइल चालू असताना ओली असते. तंतू तिच्यावर चिकटतात, वाळतात, पुन्हा ओले होतात आणि त्यांचा घट्ट थर बसतो. टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका गृहस्थांच्या गाडीचा रेझिस्टर असाच पुन्हा पुन्हा जात होता. आधीच्या दुरुस्तीत नवा रेझिस्टर आणि नवे बटण, दोन्ही घालून झाले होते. करंट मोजला तर शेवटच्या वेगावर तो अपेक्षेपेक्षा बराच कमी आला आणि ब्लोअरचा आवाज मात्र तीक्ष्ण होता. ब्लोअर उतरवून आत दिवा धरला तेव्हा कॉइलच्या तोंडावर टॉवेलच्या तुकड्यासारखा सलग पापुद्रा निघाला. कॉइल साफ केल्यावर त्याच मोटरीवर पुढचा रेझिस्टर टिकला. जुन्या मॉडेलांपैकी अनेकांत केबिन फिल्टर मुळात दिलेलाच नसल्यामुळे हे तंतू अडवणारे मध्ये काहीच नसते.

दुसरे कारण कडुनिंबाचे. उन्हाळ्याच्या तोंडावर पानगळ होते तेव्हा सावलीसाठी म्हणून झाडाखाली लावलेल्या गाडीच्या जाळीतून त्याची बारीक पाने सहज आत जातात. ती पिंजऱ्यात अडकली तर खडखड आवाज येतो, म्हणून निदान लक्षात तरी येतात. पण रेझिस्टरच्या वेटोळ्यांवर जाऊन बसलेली पाने आवाज करत नाहीत. पहिल्या वेगावर करपल्यासारखा वास आला तर गाडी बाजूला घेऊन ब्लोअर बंद करावा आणि रेझिस्टर बाहेर काढून पाहावा. तिसरे कारण ज्वारीच्या मळणीचे. मंगळवेढा, मोहोळ, बार्शी या भागांत रब्बीच्या मळणीच्या दिवसांत मळणी यंत्राजवळून जाणाऱ्या किंवा शेतातच उभ्या राहणाऱ्या गाड्यांत भुसकट शिरते आणि गाडी काही आठवडे उभीच राहिली, तर त्या भुसकटात उंदीर घर करतात. अशी गाडी सुरू केल्यावर ब्लोअर थेट शेवटच्या वेगावर लावू नये. आधी ग्लोव्ह बॉक्स उतरवून आत पाहावे.

कूलिंग कॉइल साफ करताना जोराचा पाण्याचा फवारा मारू नये, कारण तिच्या पातळ पत्र्या वाकतात आणि वाट कायमची अरुंद होते. वाळलेला थर आधी मऊ ब्रशने पत्र्यांच्या रेषेतच ओढून काढावा, मग कॉइलसाठी मिळणारे फेसाळ क्लीनर वापरावे आणि पाणी बाहेर टाकणारी नळी मोकळी आहे याची खात्री करावी. पुढच्या वेळेसाठी विंडशील्डखालच्या हवेच्या तोंडावर स्टीलची जाळी बसवता येते, परंतु तिची भोके डासांच्या जाळीइतकी बारीक नसावीत, नाहीतर ती जाळीच काही दिवसांत कोंदते. मागांच्या वस्तीतून आणि मळणीच्या धुळीतून जाताना आतलीच हवा फिरवण्याचा खटका लावावा, हा उपाय बिनखर्चाचा आहे.

करंट जास्त असेल तेव्हा मोटर उतरवावी लागते. बॅटरीचा निगेटिव्ह काढावा आणि गाडीत एअरबॅग असतील तर काही मिनिटे थांबूनच डॅशबोर्डच्या भागाला हात घालावा. मोटर बाहेर आली की पिंजरा हाताने फिरवून पाहावा. चुंबकामुळे थोडा अडखळल्यासारखा स्पर्श होणे स्वाभाविक आहे, पण सोडल्यावर तो थोडा तरी स्वतःहून फिरत राहिला पाहिजे. घासल्याचा आवाज येत असेल, शाफ्ट आडवा हलत असेल, तर बुश गेले आहेत. या मोटरींत बहुधा तेल शोषून ठेवणारे ब्राँझचे बुश असतात. उष्णतेने आतले तेल आटते आणि धुळीबरोबर त्याचा चिकट लेप होतो. म्हणूनच गाडी सुरू केल्यावर फ्यूज टिकतो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी, मोटर तापल्यावर उडतो. अशा वेळी गंज सोडवणारा फवारा बुशवर मारण्याची पद्धत फार रूढ आहे आणि ती घातक आहे. त्या फवाऱ्याने लेप सुटतो, मोटर आठवडाभर झकास फिरते, पण उरलेसुरले तेलही धुऊन जाते आणि बुश पूर्वीपेक्षा लवकर जाम होतात. लेप पुसून काढावा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब बुशवर सोडावेत, मोटर उभी ठेवून ते रात्रभर मुरू द्यावेत आणि जास्तीचे तेल टिपून घ्यावे. कम्युटेटरवर, म्हणजे कार्बन ब्रश ज्यावर घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या भागावर, तेल जाता कामा नये. शाफ्ट आडवा हलत असेल तर तेलाने काही साधत नाही. बुश बदलावेत किंवा मोटरच बदलावी.

पिंजऱ्याच्या पात्यांवर एका बाजूला धूळ जास्त बसली असेल तर त्याचा तोल जातो आणि सततच्या थरथरीने नवे बुशही लवकर झिजतात. पाती ब्रशने सर्व बाजूंनी सारखी साफ करावीत. काही पिंजऱ्यांवर धातूची छोटी क्लिप लावलेली दिसते. ती कचरा समजून काढू नये, ती तोल साधण्यासाठी कारखान्यातच लावलेली असते.

कार्बन ब्रश आपल्या खोबणीत सैलपणे सरकले पाहिजेत आणि स्प्रिंगचा दाब दोन्हींवर सारखा पाहिजे. बाजारात दुसऱ्या मोटरीचे ब्रश घासून बसवण्याची युक्ती चालते, परंतु ब्रशचा कठीणपणा वेगळा असेल तर कम्युटेटर खाल्ला जातो आणि ठिणग्या वाढतात. शक्य असेल तोवर त्याच मोटरीचे ब्रश मिळवावेत. कम्युटेटर काळा असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच उजळावा आणि तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटींत साचलेली कार्बनची भुकटी अणकुचीदार काडीने काढावी, कारण ती भुकटीच आत शॉर्ट करते. एखादी पट्टी जळून खोल गेली असेल किंवा आर्मेचरला (मोटरीच्या आतल्या फिरणाऱ्या वेटोळ्यांना) लाखेचा करपट वास येत असेल, तर साफसफाईत वेळ घालवू नये. पिंजरा काढून मोकळी मोटर बॅटरीवर फ्यूजसह चालवून पाहिली, तर तिने साधारण दोन-तीन अँपिअरच घेतले पाहिजेत. पिंजरा लावून, पण आवरणाबाहेर चालवलेल्या मोटरीच्या आकड्यावरून मात्र निष्कर्ष काढू नये, कारण आवरणातला भार वेगळा असतो.

करंट नेमका हवा तेवढा आहे, हवाही मोकळी आहे आणि तरी कपलर वितळतो, असाही एक प्रकार असतो. येथे दोष जोडणीतल्या सैलपणाचा असतो. १५ अँपिअर वाहत असताना एखाद्या पिनेच्या संपर्कात फक्त ०.१ ओहम रोध निर्माण झाला, तरी तेथे दीड व्होल्ट पडतो आणि २२ वॅटहून अधिक उष्णता त्या एवढ्याशा पिनेवर तयार होते. हे ओहम मोजून सापडत नाही, कारण साधा मल्टीमीटर इतका लहान रोध विश्वासाने दाखवत नाही. ब्लोअर पूर्ण वेगावर चालू ठेवून बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि मोटरीचा पॉझिटिव्ह यांच्यामधला व्होल्टेज मोजावा. तो अर्ध्या व्होल्टच्या आत असावा. मग मोटरीचा निगेटिव्ह आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये मोजावे. काही गाड्यांत बटण आणि रेझिस्टर पॉझिटिव्हच्या बाजूला असतात, काहींत अर्थच्या बाजूला; ज्या बाजूला बटण आहे तिथे थोडा अधिक फरक चालतो, दुसऱ्या बाजूला तो जेमतेम ०.२ व्होल्ट असावा. फरक जास्त आला की मीटरची एक पिन एकेका जोडाने पुढे सरकवत जावे. ज्या जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे आकडा उडी घेतो, तो दोषी. वितळलेला कपलर कापून तारा पीळ मारून टेपने गुंडाळणे म्हणजे तोच दोष पुन्हा बसवणे होय. त्याच जाडीची वायर, नवी पिन आणि नीट दाबलेले क्रिंप (तारेवर पिन पक्कडीने दाबून केलेली जोडणी) लागते. बटणाचे संपर्कच झिजले असतील तर शेवटच्या वेगाचा भार रिलेवर घेणे चांगले, मात्र बॅटरीकडून येणाऱ्या नव्या वायरीवर बॅटरीजवळच फ्यूज हवा.

दोन गोष्टी कोणीही कितीही सोयीच्या म्हणून सांगितल्या तरी करू नयेत. २० चा फ्यूज उडतो म्हणून ३० चा घालणे ही पहिली. फ्यूज वायरीच्या जाडीनुसार ठरवलेला असतो. मोठा फ्यूज घातला की फ्यूजऐवजी डॅशबोर्डमागची वायर तापते आणि तिथे लागलेली आग विझवायला हातही पोहोचत नाही. रेझिस्टरवरचा थर्मल फ्यूज तुटला म्हणून त्यावर तारेचा तुकडा जोडणे ही दुसरी. तो फ्यूज प्लास्टिकच्या डक्टमध्ये, बहुधा सुताच्या किंवा भुसकटाच्या शेजारी बसलेला असतो आणि तापलेले वेटोळे बंद करणारे तेच शेवटचे साधन असते. तो बदलायचाच असेल तर त्याच्यावर लिहिलेल्या अंशांचाच घ्यावा. सोल्डरिंगच्या उष्णतेने नवा फ्यूजही तुटू शकतो, म्हणून क्रिंप करावा किंवा सोल्डर करताना त्याची तार पक्कडीत धरून उष्णता ओढून घ्यावी.

पावसाळ्याचा प्रश्न थोडक्यात सांगता येतो. विंडशील्डखालच्या पन्हळीची पाणी जाण्याची भोके पानांनी बुजली की पाणी ब्लोअरच्या तोंडातून आत उतरते. सोलापुरात सप्टेंबरच्या जोरदार सरींनंतर मोटर गंजून जाम झालेल्या गाड्या दिसतात, त्या यामुळेच. जूनच्या आधी ती भोके मोकळी करून वरून तांब्याभर पाणी ओतून पाहावे. ते चाकाच्या बाजूने खाली पडले पाहिजे, पायाशी नव्हे.

मोटर परत बसवताना तिच्या पाठीला जोडलेली रबराची छोटी नळी विसरली जाते. ब्लोअरच्या आवरणातली थोडी हवा मोटरीच्या पोटात नेऊन तिला थंड ठेवण्यासाठी ती असते. ती फाटली असेल तर त्याच मापाची दुसरी लावावी. सगळे जोडून झाल्यावर इंजिन चालू ठेवून प्रत्येक वेगाचा करंट पुन्हा मोजावा आणि शेवटच्या वेगावर अर्धा तास चालवून आकडा वाढत नाही ना हे पाहावे. पहिल्या पाच मिनिटांत दिसणारा आकडा तापलेल्या बुशांबद्दल काही सांगत नाही. हे चारही आकडे आणि त्या वेळचा बॅटरीचा व्होल्टेज तारखेसह कागदावर लिहून तो कागद गाडीच्या फ्यूज-बॉक्सच्या झाकणाच्या आतून चिकटवावा. पुढच्या मार्चमध्ये मोजताना करंट त्यापेक्षा वर गेला असेल तर मोटर उतरवायची आणि खाली आला असेल तर कूलिंग कॉइल पाहायची, हे गाडी हाताळणाऱ्या कोणत्याही वायरमनला मग लगेच ठरवता येते.